चोवीस फवारे आणि एक खिडकी

आमच्या गल्लीत माणसाची किंमत त्याच्या गॅरेजवरून ठरते. गाडी बाहेर बर्फात उभी राहिली तरी चालेल, पण आतल्या भिंतीवर पाने, पकडी आणि करवती उंचीप्रमाणे टांगलेल्या हव्यात, आणि त्यातली प्रत्येक वस्तू एकदा तरी शेजाऱ्याकडे उसनी जाऊन आलेली हवी. घरच्या कामाला बाहेरचा माणूस बोलावणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. बोलावतात सगळेच, पण त्याला गाडी दोन घरं पलीकडे लावायला सांगतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या मूर्खपणानं झालं असं माझी बायको डेनीस म्हणते, आणि ते इथल्या चालीरीतींमुळे झालं असं माझं म्हणणं आहे.

तर मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव. तो माझे सासरे एमिल यांनी पंचवीस वर्षांपूर्वी बांधून घेतला, आणि अख्ख्या ओहायोत कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असावं म्हणून त्याच्या तळात सफाईची यंत्रणा बसवली. काँक्रीटमध्ये चोवीस फवारे गाडलेले आहेत. पंप सुरू झाला की ते चार-चारच्या टोळीनं डोकं वर काढतात, गोल फिरून कचरा मधल्या जाळीकडे ढकलतात आणि परत जमिनीत गडप होतात. झाडू नको, जाळी नको. ही यंत्रणा येते ॲरिझोनाहून. ॲरिझोनात माणसं उन्हानं भाजतात, पण पाणी काही गोठत नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात गोठतं. काँक्रीटखालच्या नळ्यांमध्ये पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, नळी फुटते, आणि तळ फोडल्याशिवाय तिच्यापर्यंत हात पोचत नाही. तळ फोडायची वेळ आली तर आपण त्यात माती भरून टाकणार, असं डेनीसनं जुलैतच जाहीर केलं होतं.

मला स्वतःला माती भरल्याचं फार दुःख झालं नसतं. मी पाण्यात उतरतो ते लोक हाका मारून दमले की. प्रश्न होता सासूबाईंचा.

फेब्रुवारीत एमिल गेले. मार्चमध्ये सासूबाई, म्हणजे इर्मा, पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडून बसल्या. आम्ही आमचं बिऱ्हाड उचलून त्यांच्या घरी आलो. जमिनीवर त्या वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि तिथेच थकायच्या. पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलं, आणि पाण्यात त्या कुणाचाही हात न धरता चालल्या. जूनमध्ये दहा पावलं, सप्टेंबरअखेर तलावाच्या वीस फेऱ्या. पुढच्या उन्हाळ्यात असंच चाललं तर वॉकर सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही एकदा त्यांना गावाच्या सार्वजनिक तलावावर नेऊन पाहिलं होतं. "इथल्या पाण्यात पोरं मुततात," असं त्या जीवरक्षकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. तेव्हा आमचा तलाव मे महिन्यात धडधाकट उघडला पाहिजे, एवढंच काय ते होतं.

अर्थात सासूबाईंसमोर मे महिन्याचं नाव काढायची सोय नव्हती. एमिल गेल्यापासून त्यांनी पुढचं बोलणंच बंद केलं होतं. डेनीसनं त्यांना न घसरणारे चांगले बूट आणले. डब्यावर दोन वर्षांची गॅरंटी लिहिलेली. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि डबा बंद केला.

"दोन वर्षांची गॅरंटी मला काय करायचीय? सहा महिन्यांची नव्हती का?"

बूट परत गेले. डेनीस न्हाणीघरात जाऊन रडली. मीही थोडा वेळ गॅरेजमध्ये जाऊन पाने पुसत बसलो.

मी तीन कंपन्यांना फोन केले. गाडीत बसून, काचा वर करून. तिघांनीही "तळात फवारे" हे शब्द ऐकताच आवाज बदलला. एकानं मला धीर दिला, तो साधारण डॉक्टर देतात तसा. "ही यंत्रणा बंद करणारा एकच माणूस आमच्या माहितीत होता. कोवालिक नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांना विचारून बघा." कोवालिक म्हणजे आमचे एमिल. मी फोन ठेवला आणि काम स्वतः करायचं ठरवलं.

"आईला विचार ना," डेनीस म्हणाली.

"त्या काय सांगणार? तलावाचं सगळं एमिलच बघायचे."

"अरे पण ती असायची की तिथे."

"असणं वेगळं आणि करणं वेगळं."

हे वाक्य मला त्या वेळी फार समर्पक वाटलं होतं. वीस वर्षांत एमिलनी मला एकदाही ऑक्टोबरमध्ये मदतीला बोलावलं नव्हतं, ही गोष्टही माझ्या मनात कुठेतरी खुपत होती. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. लोक शिडीवरून कसे पडतात, बार्बेक्यूनं घर कसं पेटवतात, हे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे. अशा माणसाच्या हातून चूक होत नाही असं मला वाटायचं.

म्हणून मी इंटरनेटवरच्या तलावमालकांच्या मंडळात प्रश्न टाकला. एकेचाळीस उत्तरं आली. वीस जणांनी सांगितलं, हवा मारून पाणी काढा. एकोणीस जणांनी सांगितलं, हवा मारलीत तर मेलात. एकानं स्वतःच्या कुत्र्याचा फोटो टाकला, आणि एकानं विचारलं की तुम्ही कोवालिक यांना ओळखता का.

शेजारचा गॉर्डन प्रुइट मात्र प्रत्यक्ष हजर झाला. गॉर्डन निवृत्त आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामावर पूर्णवेळ आहे. तो कॉफीचा मोठा मग घेऊन कुंपणाशी उभा राहतो आणि आधी बराच वेळ काही बोलत नाही. त्या शांततेनंच माणूस खचतो.

"तू हे असं करणार आहेस?" तो शेवटी म्हणाला.

"का? कसं करायचं?"

"नाही, कर की. मी आपलं विचारलं."

मग त्यानं त्याचा कॉम्प्रेसर देऊ केला. पंचेचाळीस सालच्या पाणबुडीला पुरेल एवढा तो कॉम्प्रेसर आहे, आणि गॉर्डन तो उसना देतो तेव्हा त्याच्याबरोबर स्वतःही येतो.

त्याच आठवड्यात सासूबाई जेवताना बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांवर, म्हणजे पिरोगीवर, कांदा घेत म्हणाल्या, "एमिल दुसऱ्या शनिवारी करायचा. ऑक्टोबरच्या."

"यंदा थोडं उशिरा करू, इर्मा. मी नीट अभ्यास करतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी कांदा घेतला.

दुसरा शनिवार हुकला तो सरकारी कारणानं. फवारे काढायचे, नळ्यांतलं पाणी हवेनं उडवायचं आणि भोकांना बुचं मारायची, असं मी ठरवलं होतं; त्यापूर्वी तलावातलं दोन फूट पाणी कमी करायचं होतं. मी नुसता नळ सोडणार होतो, पण गॉर्डन कुंपणावरून म्हणाला, "परवानगी घेतलीस ना?" आणि मी कायदा पाळणारा मूर्ख, मी नगरपालिकेला फोन केला.

"किती पाणी सोडणार?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"दोन फूट."

"फूट नको, गॅलन सांगा."

मी गणित करून सांगितलं.

"पाण्याचा रंग?"

"पाण्यासारखा."

"फॉर्मवर तसा पर्याय नाहीये हो. 'रंगहीन' लिहू का?"

रंगहीन पाण्यातलं औषध पाच दिवस उडून जाऊ द्यायचं, मग एक माणूस येऊन तपासणार, मग पाणी रस्त्याकडेच्या गटारात न सोडता घराच्या सांडपाण्याच्या नळीत सोडायचं, तेही कामाच्या दिवशी नऊ ते चार. नऊ ते चार मी लोकांचे दावे तपासत असतो. मी एक दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "पाणी" असं लिहिलं.

सांडपाण्याची नळी निघाली घराच्या पुढच्या बाजूला. म्हणून पिवळा रबरी पाइप अंगणातून पुढे आणला, आणि दुपारी तीनच्या आत सोसायटीच्या अध्यक्षा पॅट्रिस यांचं पत्र दारात. रस्त्यावरून दिसणारे पाइप हिरवे किंवा तपकिरी असावेत, असं नियम क्रमांक चौदा म्हणतो. पॅट्रिसबाईंच्या स्वतःच्या हिरवळीवर त्या वेळी हॅलोवीनचा बारा फुटी सांगाडा उभा होता आणि त्याचे डोळे लाल चमकत होते. मी तसं पत्रात नमूद केलं. उत्तर आलं, सांगाडा हंगामी आहे. मी लिहिलं, पाइपही हंगामी आहे. या पत्रव्यवहारात आणखी एक आठवडा गेला, आणि शेवटी मी पाइपावर वाळकी पानं पसरून काम उरकलं.

असा ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उजाडला. मंगळवारी पहिली कडक थंडी येणार असं हवामानखातं सांगत होतं. आता पुढे ढकलायला दिवसच उरले नव्हते.

अंगणातल्या खोपटात मला सामान मिळालं: फवारे फिरवून काढायची लांब दांड्याची चावी, डबाभर बुचं, आणि मफिन भाजायचे बारा-बारा खळग्यांचे दोन पत्र्याचे साचे. प्रत्येक खळग्यात लाल रंगानं आकडा घातलेला. सासूबाई मफिनसुद्धा नंबर देऊन भाजतात, असं मनात म्हणून मी हसलो आणि साच्यांत खिळे ठेवले.

गॉर्डननं त्याचा जुना, पाणबुडे घालतात तसला रबरी पोशाख आणला होता. तो त्यानं तीस वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा तो बारीक होता. मी तेव्हाही नव्हतो. डेनीस आणि गॉर्डन दोघांनी मिळून मला त्यात भरलं, तेव्हा बसायच्या जागेवरची शिवण उसवली. तिघांनीही ती ऐकली.

पाण्यात पाय घातला आणि माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे देता येत नाही. तरी मी नेटानं एकेक फवारा चावीनं फिरवून काढला आणि बादलीत टाकला. चोवीस फवारे, दोन तास. आणि या सगळ्या वेळात स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेल्या सासूबाई लाकडी डावानं काच ठोकत होत्या. टक टक टक. टक टक टक.

"कॉफी नंतर, इर्मा!" मी ओरडलो.

टक टक टक.

"हात हलव त्यांना," गॉर्डन म्हणाला.

मी हात हलवला. त्यांनी आणखी जोरानं ठोकलं. एक माणूस गारठलेल्या पाण्यात, फाटक्या पोशाखात, जमेल तेवढी इज्जत सांभाळून काम करतोय आणि त्याची सासू प्रेक्षकांत बसून डाव आपटतेय. मला ते सहन झालं नाही.

"डेनीस," मी म्हणालो, "पडदा ओढ जरा."

"रसेल!"

"ओढ म्हणतो ना."

तिनं आत जाऊन पडदा ओढला. ठोकणं थांबलं. त्या वेळी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग मी बूच हातात घेऊन तळाशी उभा राहिलो आणि गॉर्डनला खूण केली. गॉर्डननं कॉम्प्रेसर सुरू केला. आधी पंपाशेजारच्या, टोळ्यांना पाळीपाळीनं पाणी वाटणाऱ्या व्हॉल्व्हमधून, कॉफीच्या यंत्रात चमचा पडल्यासारखा, भयंकर खरखराट झाला. मग माझ्या पायांमधल्या भोकातून हवेचा एक लोट निघाला, तो सरळ उसवलेल्या शिवणीतून आत शिरला, आणि मी फुगलो. पाठीमागून फुगलेला माणूस पोहू शकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मी तोंड पाण्यात आणि मागची बाजू आकाशाकडे अशा अवस्थेत तलावभर फिरलो. गॉर्डननं आधी फोटो काढला आणि मग कॉम्प्रेसर बंद केला.

बाकीच्या पाच टोळ्यांच्या भोकांतून एक बुडबुडा आला नाही. व्हॉल्व्ह गप्प झाला होता. मी काठावर बसलो. माझे दात वाजत होते, शेजारी बादलीत चोवीस फवारे एकमेकांत मिसळून पडले होते, आणि मंगळवार तीन दिवसांवर होता.

"माती भरणाऱ्या माणसाचा नंबर आहे माझ्याकडे," गॉर्डन हळूच म्हणाला. तो चांगल्या मनानंच म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासूबाई बाहेर येत होत्या. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच. अंगात एमिलचं शिकारीचं जाड जाकीट, एका हातानं वॉकर, दुसऱ्या हातात डाव. दारापासून तलावापर्यंत तीस पावलं आहेत. डेनीस धावली, तर तिला त्यांनी डाव दाखवून थांबवलं. आम्ही तिघंही ती तीस पावलं मोजत होतो. मध्ये दोनदा त्या थांबल्या. मग व्हॉल्व्हशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"पडदा कुणी ओढायला लावला?"

मी गॉर्डनकडे पाहिलं. गॉर्डन ढगांकडे पाहत होता.

"मी, इर्मा."

"बरं. ह्या व्हॉल्व्हमधली दातेरी चाकं काढलीस का आधी?"

"कुठली चाकं?"

त्यांनी डोळे मिटले. "झाकण उघड."

झाकण उघडलं. आत चाकांचा भुगा झाला होता.

"डेनीस, पिठाच्या डब्यामागे एक खोका आहे. त्यात जादा चाकं आहेत. पण ती आता नाही, मेमध्ये बसवायची. आत्ता ही घाण काढ. हवा चाकांशिवाय मारायची, व्हॉल्व्हच्या एकेका तोंडातून. कुठल्या तोंडाची हवा कुठल्या टोळीला जाते ते मी सांगते."

"इर्मा, हे सगळं तुम्हाला..."

"पंचवीस वर्षं. तो खाली, मी इथे. खालच्या माणसाला दिसत नाही हवा कधी सुटली, कधी थांबली. म्हणून हे." त्यांनी डावानं तलावाच्या लोखंडी कठड्यावर ठोकलं. "एक ठोका, हवा सोडली. दोन, थांब. तीन, वर ये, नाहीतर गारठून मरशील. पाण्याखाली चांगलं ऐकू येतं."

"म्हणजे खिडकीतून तुम्ही मघापासून..."

"तीन ठोकत होते. वर ये म्हणून. हात हलवतोय मला!"

माझ्यासारख्यांचे दावे मी ऑफिसात रोज नामंजूर करतो. "माफ करा," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला, कारण काम पडलं होतं.

मी परत पाण्यात उतरलो. गॉर्डन कॉम्प्रेसरवर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसरं कुणी सूचना देत होतं. "गॉर्डन, कमी कर. कमी! टायर भरतोयस का?" पाण्याखाली ठोका खरंच स्वच्छ ऐकू येत होता. टक. बुडबुडे यायचे. मी चाचपडत बूच फिरवायचो. टक टक. पुढची टोळी. हळूहळू माझ्या लक्षात आलं, एमिलनी मला वीस वर्षांत का बोलावलं नाही ते. हे काम दोघांचंच होतं, आणि दुसरी जागा कधी रिकामीच नव्हती.

तेवीस बुचं बसली. पायऱ्यांखालचं सातव्या नंबरचं भोक मात्र ढिम्म. बुडबुडा नाही.

"तो दरवर्षी रुसतो," काठावरून आवाज आला. "ओकचं फळ अडकलं असेल. बोट घालून काढ. एमिल त्याला शिव्या द्यायचा."

"पाण्याखाली?"

"बुडबुडे यायचे ना. मला वरून कळायचं कुठली शिवी आहे ते."

मी खाली गेलो, बोट घातलं, आणि खरंच एक ओकचं फळ निघालं. हवेचा लोट सुटला, मी बूच मारलं, आणि वर तीन ठोके पडले. डेनीस टॉवेल घेऊन उभी होती. गॉर्डननं स्वतःच्या मगातली कॉफी मला दिली. हे त्यानं आजवर कुणासाठी केलेलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी मफिनचे साचे मागवले. मी खिळे काढून दिले. त्यांनी खिळ्यांकडे पाहिलं. प्रत्येक फवाऱ्याच्या बुडाला एमिलनी सुईनं आकडा कोरलेला होता, टोळीप्रमाणे नव्हे, तलावातल्या जागेप्रमाणे. चोवीसही फवारे त्यांनी पुसून आपापल्या खळग्यात ठेवले. सातवा शेवटी ठेवला, आणि त्याच्यावर जरा वेळ बोट ठेवून बसल्या.

हिवाळा कडक गेला. जानेवारीत गॉर्डनच्या घरातली नळी फुटली. मी त्याच्या अंगणात कॉफी घेऊन बराच वेळ काही न बोलता उभा राहिलो.

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही ताडपत्री काढली. बुचं काढली, फवारे आकड्यांप्रमाणे बसवले, नवी चाकं घातली, तलाव भरला. रबरी पोशाख शिवून घेतला होता. सासूबाई खुर्चीत, डाव हातात. डाव त्यांनी घट्ट धरला होता.

टक. पहिल्या टोळीचे चार फवारे वर आले आणि गोल फिरायला लागले. दुसरी आली, तिसरी, चौथी, पाचवी आली. सहाव्या टोळीत तीन फवारे उठले. सातवा उठला नाही. मी त्याच्यासमोर पाण्याखाली उकिडवा बसलो. नळी फुटली असेल तर तळ फोडायचा, आणि मग माती. वरून कुणी काही ठोकत नव्हतं. मी त्याला एक शिवी दिली, घसघशीत. मोठा बुडबुडा वर गेला. आणि सातवा हळूच डोकं वर काढून फिरायला लागला.

वर आलो तेव्हा सासूबाई हसत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"बरोबर शिवी दिलीस," त्या म्हणाल्या.

दहा दिवसांनी पाणी गरम झाल्यावर त्या उतरल्या. वॉकर काठावर राहिला. हात मोकळे सोडून त्या पलीकडे गेल्या, वळल्या, परत आल्या. मी पायऱ्यांवर पाय सोडून बसलो होतो. एकविसाव्या फेरीला त्या माझ्यापाशी थांबल्या.

"रसेल, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार मोकळा ठेव. शेवटचा नाही, दुसरा."

"ठेवतो."

"आणि गॉर्डनला त्याचा तो फाटका पोशाख परत देऊन टाक. तुझ्या मापाचा नवा मागवलाय मी." त्या पुढच्या फेरीला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पाच वर्षांची गॅरंटी आहे त्याला. कागद मी जपून ठेवलाय."